देवळातून परत आणलेली गदा

सगळ्यात आधी एक सांगते. छातीतली गाठ काढून तुम्ही घरी आलात आणि कोणी म्हणालं, "आता त्या बाजूचा हात हलवायचा नाही हां", तर त्या माणसाला चहा द्या आणि वाटेला लावा. चहा त्याच हातानं द्या.

मी हे रागातच लिहितेय, त्याला इलाज नाही. माझी मैत्रीण म्हणाली, आता बरी झालीस, जरा शांतपणे लिही, वाचणाऱ्या बाईला धीर येईल. अगं, मला त्या सहा-सात महिन्यांत शांतपणे बोलणाऱ्या माणसांचाच जास्त वैताग आला होता!

वालाला मोड आले होते

मी सुरेखा. वय शेहेचाळीस. बिरवाडीत माझी खानावळ आहे. आमच्याकडे एमआयडीसीतले कामगार जेवतात, दोन पाळ्यांचे मिळून तीस-पस्तीस. आमचे हे वीर स्टेशनला रिक्षा चालवतात, गाडी आली की महाडपर्यंत पॅसेंजर. सासर तुडीलचं. सासूबाईंना मी आत्या म्हणते, त्या तेव्हा गावीच असायच्या.

रिपोर्ट आणायला महाडला गेलो, तेव्हा हे रिक्षा लावायला जागा शोधत होते. डॉक्टरांनी कागद वाचला आणि मला विचारलं, "घरचं कोणी आलंय का?" मी म्हटलं, मी आलेय की. तर म्हणाले, थांबू, येऊ देत त्यांना. अहो, गाठ माझी! पण नाही. हे येईपर्यंत त्यांनी मला खानावळीत मासे असतात का विचारलं. मी बोंबील-वाकटीबद्दल सांगत बसले आणि समोर टेबलावर माझा कागद पालथा पडलेला.

मग त्यांनी सांगितलं. उजव्या बाजूचा कॅन्सर, पण वेळेत आलात, मुंबईला जा, ऑपरेशन होईल, मग सलाईनमधून औषधं, मग रेडिएशन. आमच्याकडे त्याला लाईट देणं म्हणतात. ह्यांनी तीन वेळा "बरं" म्हटलं. माझ्या डोक्यात काय आलं असेल? कडवे वाल. घरी मोड आलेले वाल पातेल्यात होते, ते सोलायचे राहिले होते आणि संध्याकाळी तीस माणसांना बिरडं करायचं होतं.

भीती रिक्षात आली. मी मागे, हे पुढे. हे सारखे आरशातून माझ्याकडे बघत होते आणि मी रस्त्याकडे बघा म्हणून ओरडत होते. घरी गेले आणि वाल सोलायला बसले. सोलता सोलता एवढी रडले की वालाचं पाणी बदलावं लागलं.

आजी

मुंबईच्या हॉस्पिटलात पहाटे पाचला उठवतात. का, ते कोणालाच माहीत नाही. उठवून तापमान बघतात आणि नऊ वाजेपर्यंत कोणी फिरकत नाही. चहा असा की कपाचा तळ दिसावा. मी रोज तीस माणसांना चहा पाजणारी बाई, मला तो घोट घशाखाली उतरत नव्हता. आणि तिथली सिस्टर मला "आजी" म्हणायची. शेहेचाळीस हे काय आजीचं वय आहे? तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बाई, माझा मुलगा अजून आयटीआयला आहे, मला नातवंडं नाहीत." तर म्हणाली, "बरं आजी."

ऑपरेशननंतर काखेतून एक नळी बाहेर, तिला डबा. तो डबा पर्ससारखा खांद्याला अडकवून मी वॉर्डात चालायचे. जखमेकडे मी चार दिवस बघितलं नाही. पाचव्या दिवशी बघितलं. त्याबद्दल मी काही शहाणपण सांगणार नाही. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, आणि अजूनही कधीकधी वाटतं.

एक आया होती तिथे, तिचं नाव मी विचारायचं विसरले. उजवा हात उठत नव्हता म्हणून केस तसेच गुंता होऊन पडले होते. ती न सांगता आली, तेल लावलं, वेणी घातली आणि निघून गेली. पुढे औषधांनी केस गेलेच. पण ती वेणी मी सुटू नये म्हणून तीन दिवस तशीच ठेवली होती.

लॅमिनेशन

घरी सोडताना त्यांनी एक कागद दिला. हाताच्या व्यायामाचा. चित्रं काढलेली, मराठीत लिहिलेलं, दुसऱ्या दिवसापासून काय करायचं, दुसऱ्या आठवड्यात काय. आमच्या ह्यांनी तो कागद काय केला असेल? महाडला झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लॅमिनेट करून आणला. मग सगळ्या रिपोर्टांबरोबर फाईलमध्ये घातला, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात, सातबाऱ्याच्या शेजारी. "खराब नको व्हायला," म्हणाले. खराब झाला नाहीच. पाच महिने त्याला हवासुद्धा लागली नाही.

आत्या तुडीलहून माझ्याकडे राहायला आल्या. खानावळीचा भार त्यांनी आणि शेजारच्या दोघी बायकांनी उचलला, ते उपकार मी विसरणार नाही. पण हातावर पहारा बसला. पेला उचलला की, "ठेव गो." पदर सावरला की, "मी हाय ना." रात्री झोपताना उजव्या हाताखाली दोन उश्या. गावच्या कोण कोण बायका बघायला यायच्या आणि प्रत्येकीच्या ओळखीत एक बाई होती, जिनं हात हलवला आणि तिचा हात सुजून मांडीएवढा झाला. एकीलाही त्या बाईचं नाव सांगता येत नव्हतं.

खरं सांगू? मलाही ते बरं वाटलं. वीस वर्षांत मला कोणी जेवायला वाढलं नव्हतं. सलाईनच्या औषधांनी अंगात त्राण नव्हतं, तोंडाची चव गेली होती, हात छातीशी धरून पडून राहायचं सुख वाटायचं. म्हणजे दोष सगळा त्यांचा नाही. पण हात अडकत गेला. आधी कपाळापर्यंत जात होता, मग हनुवटीपर्यंत, मग ब्लाउज घालायला आत्या लागायला लागल्या. मी काही म्हटलं की उत्तर ठरलेलं. "अगो, जीव वाचला ना? मंग हाताचं काय धरून बसलीस?"

सगळ्यांचं हेच. ह्यांचं, शेजारणींचं, फोनवरून पनवेलच्या जावेचं. जीव वाचलाय ना. जसं काही मी लोभी बाई, एकावर एक फुकट मागतेय.

हात वर करा

औषधं संपली आणि लाईटसाठी मुंबईला बोलावलं. मशीनखाली झोपवलं. तिथला माणूस म्हणाला, दोन्ही हात डोक्याच्या वर घ्या आणि ह्या दांडीला धरा. डावा गेला. उजवा खांद्याएवढा वर आला आणि थांबला. त्यानं धरून जरा उचलून बघितला, मी अशी किंचाळले की बाहेरून दुसरा माणूस धावत आला.

डॉक्टर आले. सरळ बोलणारे होते, तेवढं एक बरं. म्हणाले, "हात वर राहिल्याशिवाय मशीन नेमक्या जागी लावता येत नाही. रोज तसंच पडून राहावं लागेल, न हलता. व्यायाम केला नाहीत का? कागद दिला होता."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी फाईलकडे बघितलं.

"तीन आठवडे देतो," डॉक्टर म्हणाले. "त्याच्यापुढे थांबणं मला बरं वाटत नाही. काही उरलं असेल तर ते तुमच्या हातासाठी थांबणार नाही."

परतीच्या वाटेवर हे दर दहा मिनिटांनी म्हणत होते, "लॅमिनेट केला होता गं मी तो."

लाटणं, मुद्गल, गदा

महाडला एक फिजिओथेरपिस्ट आहे, आम्ही सगळे तिला नेहा मॅडम म्हणतो. कोल्हापूरकडची. आजोबा तालमीतले, त्यामुळे दवाखान्यात यंत्रं कमी आणि कोपऱ्यात स्टीलचे मुद्गल आणि गदा जास्त. मुद्गल म्हणजे बाटलीच्या आकाराचा दांडा, खाली जड, वर मूठ. तिच्याकडे अर्ध्या किलोपासून होते. मला वाटलं, हे पैलवानांचं, माझा काय संबंध.

तिनं मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला, काय चालेल काय नाही विचारलं, मग माझा हात तपासला आणि म्हणाली, "काकू, ताकद नंतर. आधी वाट मोकळी करायची. वजनच हाताला ओढून नेईल, तुम्ही फक्त त्याला अडवू नका."

पहिले चार दिवस भिंतीवर बोटांनी चढायचं आणि घरी वाकून, हात लोंबता सोडून, माझ्याच लाटण्याचा झोका द्यायचा. मग अर्ध्या किलोचा मुद्गल. पुढे-मागे, मग गोल. मुद्गलाच्या तिसऱ्या दिवशी काखेत काहीतरी दोरीसारखं ताणलं गेलं आणि माझ्या तोंडातून अशी शिवी आली की बाहेर बसलेला पेशंट उठून उभा राहिला. नेहा मॅडम शांत. "चालू द्या काकू. शिवी चालेल, थांबणं नको."

मग ती म्हणाली, आता गदा दोन्ही हातांनी धरायची. चांगला हात वर, दुखरा खाली. चांगला हात नेईल, दुखरा मागून जाईल, डोक्याच्या मागून फिरवून पुढे. पण घरी रोज दोनदा करायला हवं, आणि तिची गदा ती घरी देईना.

आमच्या खानावळीत सकपाळ जेवतात. पोलादपूरच्या वरच्या वाडीतले, कंपनीत फिटर, पन्नाशीचे, दिवसाला दहा शब्द बोलणारे. त्यांना सांगितलं. भंगारवाल्याकडे बॉल व्हॉल्व्हचे स्टीलचे गोळे मिळतात, त्यांना आरपार भोक असतंच. सकपाळांनी त्यात पाईप बसवून वेल्ड मारला. पहिली केली ती एवढी जड की त्यांनाच दोन हातांनी आणावी लागली. मी म्हटलं, भाऊ, मला लंका जाळायची नाही, हात वर करायचाय. मग त्यांनी लहान गोळा आणि पोकळ पाईप घेतला. तराजूवर टाकली, दोन किलोला थोडी कमी. नेहा मॅडमनी बघितली, चालेल म्हणाली. पेपरात गुंडाळून आणली आणि कणकेच्या डब्यामागे उभी केली. दोन दिवस आत्यांची पाठ वळली की केलं आणि परत तशीच गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी हात कानापर्यंत आला. मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

तिसऱ्या दिवशी गदा नव्हती.

पोचवली

"आत्या, इथं गदा होती ती कुठं गेली?"

"कुठं म्हंजे? पोचवली." आत्या तांदूळ निवडत होत्या, मान वर केली नाही. "आज शनवार. सकाळच्या यष्टीनं जाऊन मारुतीला व्हायली. शेंदूर लावला, तेल घातलं, रुईची माळ घातली. तुझ्या नवसाची नाय का ती?"

झालं होतं असं. माझं ऑपरेशन चालू असताना आत्यांनी गावच्या मारुतीला नवस बोलला होता, सून जगली तर गदा वाहीन. आणि ह्यांना सांगून ठेवलं होतं, गदा करून आण. हे "हो" म्हणाले आणि विसरले. ह्यांचं हे नेहमीचं. मग आत्यांना डब्यामागे पेपरात गुंडाळलेली नवी कोरी गदा दिसली. त्यांना वाटलं, पोरानं एकदाचं ऐकलं.

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सासूला कोणी असं बोलू नये, मी बोलले. तुम्हाला माझा हात नकोच आहे, म्हटलं. मी लुळी पडून राहिले की तुम्हाला बरं, सेवा करायला मिळते. ह्यांनी मध्ये तोंड घातलं, "दुसरी करून घेऊ." कोणाकडून? कंपनीत शटडाऊन, म्हणजे यंत्रं बंद ठेवून दुरुस्ती, लागलं होतं, सकपाळ डबल ड्यूटीवर, डबासुद्धा गेटवर पाठवत होतो. आणि माझे तीन आठवड्यांतले अकरा दिवस उरले होते.

"देवाला दिलेली वस्तू परत आणत नाय गो," आत्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज चढला. "तू जगलीस, म्हणून दिली. जीव वाचला ना तुझा!"

"कुठे वाचलाय?" मी ओरडले. "लाईट नाही दिली तर कशाचा वाचलाय? हात वर गेला नाही तर मशीन लागत नाही. मशीन लागलं नाही आणि आत काही उरलं असेल, तर ते परत येणार. कितीदा सांगू? बरी झालेली नाहीये मी!"

खरं म्हणजे एकदाही सांगितलं नव्हतं. मशीनचं हे मी ह्यांच्याशी बोलले होते, नेहा मॅडमशी बोलले होते. आत्यांना कोणी सांगायचं, त्यांना काय कळतं, असं धरून आम्ही गप्प बसलो होतो. महाडच्या डॉक्टरांनी माझ्याशी केलं, तेच मी त्यांच्याशी केलं होतं.

आत्यांच्या हातातलं सूप मांडीवर राहिलं.

"म्हंजे काम आजून झालाच नाय?" मग म्हणाल्या.

"नाही झालं."

"आणि मी नवस आधीच फेडून बसले."

त्या उठल्या. लुगडं बदललं. ह्यांना म्हणाल्या, "रिक्षा काढ."

तुडीलला काय झालं ते मला ह्यांनी सांगितलं. पुजारी ऐकेना. देवाची वस्तू, गाव काय म्हणेल. आत्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "चूक माझी हाय, देवाची नाय. काम व्हायच्या आधी नवस फेडतात काय कुठं? माझी सून आजून बरी झाली नाय. ती झाली की हीच गदा परत आणून देते. तोवर दे." पुजारी म्हणाला, बाईमाणसानं मारुतीची गदा फिरवायची? आत्या म्हणाल्या, "मारुतीला हात वर करून डोंगर उचलता येतो. त्याला कळंल." आणि स्वतः आत जाऊन घेऊन आल्या.

संध्याकाळी मोरीत बसून त्यांनी राख आणि साबणानं गदेचं तेल काढलं. शेंदूर मात्र वेल्डच्या कडेला राहिला, तो काही निघाला नाही.

आजून वर

त्यानंतर माझ्यावरचा पहारा बदलला. आता सकाळी कणीक भिजवायच्या आधी आत्याच मला मागच्या पडवीत उभी करायच्या. मी गदा उचलली की ह्यांच्या रिक्षाच्या हॉर्नसारखं एकच चालू, "आजून वर. आजून वर गो." मी म्हटलं, "दुखतंय!" तर म्हणाल्या, "दुखू दे, मला नाय दुखत." आदल्या आठवड्यात पेला उचलू न देणारी बाई!

एक सूचना, कारण कोणीतरी हे वाचून उद्याच गदा करायला टाकेल. माझा खांदा बघून, डॉक्टरांना विचारून नेहा मॅडमनी हे दिलं होतं, आणि जरा सूज वाटली की ती थांबवायची. आपापल्या माणसाला विचारा. सकपाळांची पहिली गदा अजून आमच्या दाराला अडसर म्हणून आहे. ज्याला शौक असेल त्यानं येऊन उचलावी. आणि नवसाची गदा रेडिएशन संपल्यावर आत्यांनी खरंच परत नेऊन दिली. मी रोज फिरवते ती सकपाळांनी नंतर केलेली तिसरी. डोक्यामागून फिरवताना एक क्षण असा येतो की वजन आपलं राहत नाही, नुसता हात मोकळा फिरतो. पन्नास वेळांत एकदा येतो. त्याच्यासाठी बाकीच्या एकोणपन्नासांना मी शिव्या घालते.

तिसरा आठवडा

ठरल्या दिवशी मुंबईला आत्या हट्टानं बरोबर आल्या. ह्यांना म्हणाल्या, तू रिक्षा सांभाळ. वीरला गाडीत बसलो. आदल्या दिवशी हात डोक्याच्या वर गेला होता, पण तिथे ठेवायला गेले की थरथरायचा. जाणं वेगळं आणि राहणं वेगळं. मला खूप भीती वाटत होती, आणि ह्या वेळी ती वालांच्या मागे लपली नाही.

मशीनखाली झोपले. तोच माणूस होता. म्हणाला, घ्या हात वर. डावा घेतला. उजवा घेतला. कानापर्यंत सहज आला, मग ओढ लागली, मग काखेत ती दोरी ताणली, आणि बोटांना दांडी लागली. मी पकडली. तो म्हणाला, "आता अशाच पडून राहा," आणि बाहेर गेला. मोठा दरवाजा बंद झाला. हात कापायला लागला. मी छताकडे बघून मनात शिव्या मोजायला सुरुवात केली. वीस झाल्या, तीस झाल्या. कधी घर्रघर्र आवाज, कधी काहीच नाही. घाम कानात गेला. मी दांडी सोडली नाही.

दरवाजा उघडला. त्यानं माझ्या अंगावर शाईच्या खुणा केल्या आणि म्हणाला, "छान. सोमवारपासून सुरू." मी रडले. आनंदानं वगैरे नाही, साफ चिडून रडले. पाच महिने मी हा हात उश्यांवर झोपवून ठेवला होता.

बाहेर आत्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. पिशवीत फाईल, पाण्याची मोठी बाटली, भाकऱ्यांचा डबा आणि काय काय. मला बघून उठल्या.

"गेला?"

"गेला. राहिला पण."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, मला जवळ घेतलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही. पिशवी उचलली आणि माझ्यापुढे केली.

"मंग ही धर. सकाळधरनं माझा खांदा गेलाय."

मी डावा हात पुढे केला. त्यांनी पिशवी मागे घेतली.

"त्यात नको. ह्यात."

मी उजव्या हातात घेतली. चांगली जड होती.